सार्डानापलसची चिता : एका चित्राचे द्रव्य, कथा आणि प्रती

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी मंडळाने आम्हांस पाचारण केले आहे. अशा प्रसंगी वक्त्याने संतवाङ्मय, नाट्यसंगीत किंवा शिवकाल यांपैकी एखादा विषय घ्यावा, असा एक अलिखित संकेत आहे. आम्ही मात्र आज एका फ्रेंच चित्राविषयी बोलणार आहोत. ही निवड लहरीपोटी झालेली नाही. मूळ वस्तू दूर राहिली म्हणजे माणसे तिची प्रत जवळ बाळगतात. त्या प्रतीत मुळातले काय उरते, काय गळून जाते आणि कोणते नवीनच येऊन बसते, हा प्रश्न परप्रांतात पन्नास वर्षे मराठीचा संसार मांडून राहिलेल्या मंडळींना नवा नाही. या चित्राच्या इतिहासात तोच प्रश्न पावलोपावली भेटतो.

चित्राचे नाव ‘सार्डानापलसचा मृत्यू’. चित्रकार यूजेन देलाक्रवा (१७९८–१८६३). पॅरिसमध्ये ‘सालाँ’ या नावाचे सरकारी चित्रप्रदर्शन भरत असे. १८२७ च्या सालाँसाठी हे चित्र रंगविले गेले आणि १८२८ च्या फेब्रुवारीत ते प्रेक्षकांपुढे आले. चित्रकाराचे वय त्या वेळी अवघे २९ वर्षांचे होते. कलेच्या इतिहासात ज्याला स्वच्छंदतावाद किंवा रोमँटिक संप्रदाय म्हणतात, त्याचे हे एक अग्रगण्य चित्र मानले जाते. मोजूनमापून केलेल्या रेखाटनापेक्षा रंगाला, संयमापेक्षा भावनेच्या उद्रेकाला आणि जवळच्या परिचित जगापेक्षा दूरच्या अद्भुत जगाला मान देणारा हा संप्रदाय होता.

चित्रातील प्रसंग भयंकर आहे. निनेव्हच्या राजवाड्याला बंडखोरांनी वेढा घातला असून पराभव अटळ झाला आहे. राजाने चिता रचविली आहे आणि त्या चितेवरच्या प्रशस्त पलंगावर, शुभ्र वस्त्रे ल्यालेला, एका हातावर मस्तक टेकलेला असा तो पहुडला आहे. पलंगावरून तांबड्या वस्त्राचा ओघ खाली उतरतो. पलंगाच्या कोपऱ्यांशी हत्तीची मस्तके कोरलेली आहेत. राजाच्या पायांशी एक स्त्री दोन्ही हात पसरून पालथी कोसळली आहे. उजवीकडे एका विवस्त्र स्त्रीला मागून धरून एका पुरुषाने तिच्यावर खंजीर उगारला आहे. डावीकडे एक काळा गुलाम रत्नजडित साजाचा पांढरा घोडा बळाने ओढीत आणतो आहे. खाली अलंकार, शस्त्रे आणि पात्रे यांचा खच पडला आहे, तर वरच्या कोपऱ्यात धुराने कोंदलेले शहर दिसते. या सर्व आकांतात एकच माणूस स्वस्थ आहे, आणि तो म्हणजे ज्याच्या आज्ञेने हे सर्व चालले आहे तो राजा. चित्राचा खरा विषय ही स्वस्थताच होय, असे आम्हांस वाटते.

आता हे चित्र कोणत्या द्रव्यांचे बनले आहे ते पाहू. ते कॅनव्हसवर तैलरंगांत काढलेले आहे. उंची ३९२ सेंटिमीटर आणि रुंदी ४९६ सेंटिमीटर. म्हणजे जवळजवळ तेरा फूट उंच आणि सव्वासोळा फूट रुंद. मध्यम आकाराच्या सभागृहाची एक भिंत त्याने झाकून टाकावी. पुढची पात्रे जवळपास माणसाच्या उंचीची असल्यामुळे प्रेक्षक त्या पलंगापाशीच उभा असल्यासारखा होतो. तैलरंग म्हणजे रंगद्रव्याची पूड जवसासारख्या सुकणाऱ्या तेलात खलून केलेला रंग. तो सावकाश वाळतो, म्हणून एका छटेत दुसरी छटा मिसळण्यास चित्रकाराला अवधी मिळतो; आणि एक थर वाळल्यावर त्यावर दुसरा पातळ, पारदर्शक थर चढविला तर खालचा रंग आतून उजळल्यासारखा भासतो. वस्त्रांची झळाळी, मोत्यांचे पाणी आणि स्त्रियांच्या कांतीचा ओलावा या तंत्राने साधतो.

मोठे चित्र हाती घेण्यापूर्वी देलाक्रवाने काही आकृतींचे अभ्यास पेस्टलमध्ये, म्हणजे रंगखडूंत, केले होते. रंगखडूत तेल नसते. रंगाची पूड जवळजवळ कोरडीच कागदावर राहते आणि म्हणून तिच्या छटा फुलासारख्या ताज्या दिसतात. तो ताजेपणा तैलरंगांत उतरविण्याची त्याची धडपड या चित्रात दिसते. अंगकांतीच्या गुलाबी छटेशेजारी तो हिरवट सावली ठेवतो, तांबड्याशेजारी सोनेरी ठेवतो. रंगाने रंग उजळवितो. ही शिकवणी त्याने लूव्हरमध्ये रूबेन्सच्या चित्रांपुढे उभे राहून घेतली होती. पूर्वेकडील पोशाख आणि शस्त्रे त्याने एका स्नेह्याच्या संग्रहात पाहिली होती. इराणी आणि मोगल लघुचित्रांवरूनही त्याने रेखाटने केली होती. मात्र आशिया त्याने कधीच पाहिला नव्हता. मोरोक्कोचा प्रवास त्याला घडला तोही १८३२ साली, म्हणजे हे चित्र पुरे झाल्यावर. त्यामुळे चित्रातील पूर्व ही पुस्तके, छापील चित्रे आणि संग्राहकांची कपाटे यांतून जमविलेली पूर्व आहे, हे ध्यानात ठेवावयास हवे.

चित्राचे द्रव्य काळाबरोबर बदलत असते, ही गोष्टही येथेच सांगतो. तैलचित्र पुरे झाले की त्यावर रक्षणासाठी व्हार्निशचा पारदर्शक हात देतात. व्हार्निश कालांतराने पिवळे पडते. मग त्यावर आणखी थर चढत जातात आणि निळा हिरवट, पांढरा पिवळट दिसू लागतो. या चित्राचेही तसेच झाले होते. लूव्हरने त्यावरील जुन्या व्हार्निशचे थर काढण्याचे काम हाती घेतले आणि २०२३ साली चित्र पुन्हा प्रेक्षकांपुढे आले. कित्येक पिढ्यांनी ज्याला देलाक्रवाची उष्ण, सोनेरी छटा म्हणून वाखाणले, तिच्यातील काही भाग वाळलेल्या राळेचा होता.

आता कथेकडे वळू. सार्डानापलस फ्रेंच चित्रकाराला भेटला तो मुख्यतः इंग्रज कवी बायरन याच्यामार्फत. बायरनचे ‘सार्डानापलस’ हे पाच अंकी पद्यनाटक १८२१ साली प्रसिद्ध झाले. १८२४ मध्ये ग्रीक स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत बायरन मिसोलाँगी येथे निवर्तला, आणि तरुण युरोपच्या दृष्टीने तो कवीबरोबर वीरही ठरला. त्याच्या नाटकातील राजा विलासी आहे, पण क्रूर मुळीच नाही. त्याला युद्ध नको आहे, रक्तपात नको आहे. कट करणारे हाती सापडले असताही तो त्यांना जीवदान देतो आणि त्या दयेपायीच राज्य गमावतो. शेवट जवळ आल्यावर तो राणीला आणि मुलांना सुरक्षित स्थळी पाठवितो, सेवकांना द्रव्य देऊन निरोप देतो. चितेवर त्याच्याबरोबर राहते ती एकटी मिऱ्हा, एक ग्रीक दासी. ती स्वेच्छेने राहते आणि अग्नीही तीच लावते.

या ठिकाणी भारतीय वाचकाने थबकावे असे एक स्थळ नाटकात आहे. मिऱ्हा आपल्या निश्चयाची तुलना भारतातील विधवेशी करते: तिकडे रूढीसाठी जे केले जाते, ते आपण प्रेमासाठी करू, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. नाटक छापले गेले तेव्हा आपल्या देशात सहगमनाची चाल कायद्याने बंद झालेली नव्हती. बंगाल इलाख्यात बेंटिंकने ती १८२९ साली बेकायदेशीर ठरविली. युरोपातल्या कवीला जे एका वाक्यापुरते उपमान होते, ते येथे जिवंत स्त्रियांचे मरण होते. दूरच्या लोकांचे दुःख आपल्या कथेत अलंकार म्हणून किती सहज वापरले जाते, याचे हे उदाहरण आहे.

पण बायरनच्या नाटकात नसलेली एक गोष्ट चित्रात आहे, आणि तीच चित्रभर पसरलेली आहे: ती कत्तल. देलाक्रवाने सालाँच्या सूचिपुस्तकात चित्राचे स्पष्टीकरण छापले होते. त्याप्रमाणे राजा आपल्या खोजांना आणि अधिकाऱ्यांना आज्ञा करतो की, आपल्या स्त्रिया, सेवक, इतकेच नव्हे तर आवडते घोडे आणि कुत्रेही मारून टाका. आपल्या सुखाचे कोणतेही साधन आपल्यामागे उरता कामा नये. आयशे नावाची बॅक्ट्रियाची स्त्री गुलामाच्या हातून मरण पत्करण्याऐवजी स्वतःला टांगून घेते आणि बालेआ नावाचा पेलेबरदार अखेरीस चितेला अग्नी देतो. यांपैकी काहीच बायरनमध्ये नाही. ग्रीक इतिहासकार डिओडोरस याच्या ग्रंथात राजा आपले धन, उपस्त्रिया आणि खोजे यांसह स्वतःला जाळून घेतो, एवढा वृत्तान्त आहे. डिओडोरसने तो क्टेसियस या आणखी जुन्या ग्रीक लेखकावरून घेतला होता. म्हणजे इतिहासकाराची चिता, कवीचा राजा आणि चित्रकाराची कत्तल अशा तीन धाग्यांचे हे वस्त्र आहे.

हे चित्र पाहून आपल्यापैकी कोणाला चितोडच्या जोहाराचे स्मरण होईल. ते स्वाभाविक आहे, परंतु दोन्हींत अंतर आहे. जोहाराच्या कथा सांगणाऱ्यांनी त्या स्त्रियांना निश्चयाचा मान दिला आहे. देलाक्रवाच्या स्त्रियांना, एका आयशेचा अपवाद सोडला तर, निश्चयाचा अधिकारच नाही. घोडा आणि दागिने यांच्या जोडीला त्या राजाच्या मालमत्तेत मोजल्या गेल्या आहेत. बायरनने मिऱ्हाला जे दिले ते चित्रकाराने काढून घेतले. चित्राच्या रंगवैभवाला दाद देतानाही हा हिशेब विसरू नये, असे आमचे मत आहे. तरीही चित्रकाराने त्या क्रौर्यावर पडदा ओढलेला नाही, हेही तितकेच खरे. मालकी हक्काची परमावधी गाठलेला माणूस कसा दिसतो, हे त्याने तेरा फूट उंचीवर मांडून ठेवले आहे.

तत्कालीन पॅरिसला हे चित्र रुचले नाही. रेषा कोठे संपते आणि रंग कोठे सुरू होतो ते कळत नाही, पलंग घसरतो आहे, खोलीला आकार नाही, अशी टीका झाली. सरकारी ललित कला विभागाच्या प्रमुखाने चित्रकाराला बोलावून, सरकारी कामे हवी असतील तर शैली बदला, असे सुनावले. देलाक्रवाने शैली बदलली नाही. सरकारने चित्र विकत घेतले नाही आणि पुढची सुमारे सतरा वर्षे ते त्याच्यापाशीच राहिले.

आणि आता प्रतींची हकिकत. या चित्राची तीन तैलरूपे आज आपल्यापुढे आहेत. पहिले, मोठ्या चित्राआधीचे तैलरंगांतील कच्चे रूप. ते सुमारे ८१ सेंटिमीटर उंच आणि १०० सेंटिमीटर रुंद असून लूव्हरमध्येच आहे. त्यात कल्पना नुकतीच पेट घेत असलेली दिसते. दुसरे, मूळ भव्य चित्र. १८४० च्या दशकाच्या मध्यास ते एका इंग्रज संग्राहकाने विकत घेतले. ते हातचे जाणार असे दिसताच देलाक्रवाने १८४४ साली स्वतःसाठी त्याची एक लहान प्रत रंगविली. हे तिसरे रूप. ७३.७ सेंटिमीटर उंच आणि ८२.४ सेंटिमीटर रुंद, म्हणजे क्षेत्रफळाने मुळाच्या सुमारे बत्तिसाव्या भागाएवढे. मूळ चित्र हातोहाती फिरत अखेर १९२१ साली लूव्हरने घेतले. लहान प्रत अटलांटिक ओलांडून गेली आणि १९८६ पासून फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाच्या मालकीची आहे.

त्या लहान प्रतीविषयी दोन शब्द अधिक. ती नक्कल नव्हे. मूळ चित्र रंगविणारा २९ वर्षांचा तरुण आणि प्रत करणारा ४६ वर्षांचा प्रौढ यांच्यामध्ये मोरोक्कोचा प्रवास होता आणि सतरा वर्षांचा सराव होता. प्रसंग तोच, पात्रे तीच. परंतु कुंचला अधिक मोकळा झाला आहे आणि रंग एकमेकांत अधिक गुंतले आहेत. दूर जाणाऱ्या वस्तूची जी प्रत माणूस स्वतःजवळ ठेवतो, तीत त्याचे मधले आयुष्यही उतरते. ज्या घरांनी राजा रविवर्म्याची चित्रे कधी मूळ रूपात पाहिली नाहीत, पण १८९४ मध्ये मुंबईत निघालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या छापखान्यातील प्रती भिंतीवर लावून ज्यांनी लक्ष्मी-सरस्वतीची रूपे मनात ठसवून घेतली, त्यांना प्रतीचे सामर्थ्य सांगावयास नको. सार्डानापलस तर सुरांतही गेला. फ्रेंच संगीतकार बर्लिओझ याने याच विषयावरील रचनेसाठी १८३० साली ‘प्री द रोम’ हे पारितोषिक मिळविले. त्या रचनेचा आज केवळ एक तुकडा उरला आहे.

बंधुभगिनींनो, येथवर आपण कथेच्या प्रती पाहिल्या. आता या कथेच्या मुळाशी कोण होता ते पाहू. सार्डानापलस हे ग्रीकांनी केलेले रूप ज्या नावाचे समजले जाते, ते नाव असुरबनिपाल. हा ॲसिरियाचा सम्राट ख्रिस्तपूर्व ६६९ मध्ये गादीवर आला. तो ॲसिरियाचा शेवटचा राजा नव्हता. निनेव्हचा पाडाव ख्रिस्तपूर्व ६१२ मध्ये, त्याच्यानंतर, झाला. चितेची कथा बहुधा त्याच्या भावाची असावी. बाबिलोनमध्ये राज्य करणारा तो भाऊ बंड करून उठला आणि ख्रिस्तपूर्व ६४८ मध्ये वेढ्याच्या अखेरीस आगीत मेला. ग्रीक लेखकांनी भावाचे मरण, वंशाचा अंत आणि पूर्वेच्या राजांविषयीची आपली समजूत एकत्र कालवून एक स्त्रैण, आळशी, विलासी राजा निर्माण केला. आणि दोन हजारांहून अधिक वर्षे जगाने तोच खरा मानला.

असुरबनिपाल साधुपुरुष होता, असे आमचे म्हणणे नाही. त्याच्या शिल्पपटांवर त्याच्या युद्धांचे क्रौर्य त्यानेच अभिमानाने कोरविले आहे. पण त्याला आणखी एका गोष्टीचा अभिमान होता: आपल्याला लिहितावाचता येते, जुने अवघड लेख उलगडता येतात, याचा. त्याने निनेव्हमध्ये ग्रंथसंग्रह केला. मातीच्या ओल्या पाट्यांवर बोरूने दाबून लिहिलेल्या कीलाकार लिपीतील स्तोत्रे, वैद्यक, शकुन, शब्दकोश आणि काव्ये त्याने जमविली. १८५० च्या आसपास लेयर्ड आणि त्यानंतर हॉर्मुझ्द रस्साम यांच्या उत्खननांत निनेव्हच्या राजवाड्यांतून या पाट्या बाहेर आल्या. लहानमोठे तुकडे धरून त्यांपैकी तीस हजारांहून अधिक आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. गिल्गमेश महाकाव्यातील महापुराची कथा १८७२ साली जॉर्ज स्मिथने वाचली ती याच संग्रहातून. देलाक्रवा त्या वेळी हयात नव्हता. आणि १८२७ साली तर युरोपात ती लिपी वाचू शकणारा एकही माणूस नव्हता.

या पाट्या टिकल्या कशा, हे ऐकण्यासारखे आहे. ख्रिस्तपूर्व ६१२ मध्ये निनेव्ह पडले तेव्हा राजवाडे पेटले. कागद असता तर राख झाली असती, चामडे असते तर जळाले असते. माती मात्र आगीत भाजून निघते. कुंभाराच्या आव्यात मडके पक्के व्हावे, तशा त्यांतील पुष्कळ पाट्या त्या आगीत पक्क्या झाल्या आणि ढिगाऱ्याखाली सुमारे चोवीस शतके राहिल्या. आपल्यामागे काही उरू नये, अशी चित्रातल्या राजाची इच्छा होती. खऱ्या निनेव्हची आग त्याच्या नेमकी उलट ठरली. जे लिहून ठेवले होते ते तिने राखले.

आजच्या प्रसंगाशी या गोष्टीचा संबंध आम्ही एवढाच जोडतो. एखाद्या समाजाचा वृत्तान्त त्याच्या स्वतःच्या भाषेत लिहिलेला उपलब्ध नसेल, तर तो इतर लिहितात. आणि इतरांच्या लिहिण्यात, वाईट हेतू नसला तरी, राजाचा सार्डानापलस होतो. या मंडळाची पन्नास वर्षांची इतिवृत्ते, हस्तलिखित अंक, गणेशोत्सवातील नाटकांच्या नोंदी, वर्गणीच्या वह्या, येथे जन्मलेल्या मुलांना मराठी शिकविताना कोणी घरी बसून तयार केलेले धडे, ही सर्व आपली मातीची पाटी आहे. ती आज कोणाला मोलाची वाटणार नाही. परंतु आपली मराठी येथे राहून कशी बदलली, तिच्यात शेजारच्या भाषेचे कोणते शब्द आले, आपण सणवार कसे केले, हे उद्या कोणास जाणून घ्यावयाचे झाले, तर दुसरे साधन असणार नाही.

आपण येथे जे जपले आहे ते पुण्याची किंवा रत्नागिरीची, नागपूरची किंवा पणजीची हुबेहूब नक्कल नाही, याचा काहींना खेद वाटतो. तो करू नये. देलाक्रवाच्या लहान प्रतीप्रमाणे त्यात मधली वर्षे उतरली आहेत. मात्र मुळात काय होते, आपण काय वगळले आणि काय घातले, याची नोंद आपल्यापाशी असावी. ती नोंद ठेवण्याचा संकल्प मंडळाने या सुवर्णमहोत्सवी वर्षात करावा, अशी विनंती आहे.